जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं नव्या लॅपटॉपवर न्यायचंय: पेजमेकर, श्रीलिपी, टॅली आणि आजीच्या ओव्या

पिंपळपार (शनिवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. बाबांचा पंचवटीत छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, देवळांच्या उत्सवपत्रिका अशी कामं असायची. दुकान बंद केलं तेव्हा तिथला कॉम्प्युटर घरी आणला. विंडोज ७, हार्ड डिस्क ५०० जीबीची, त्यातली साधारण १८० जीबी भरलेली. हल्ली सुरू व्हायला खूप वेळ घेतो आणि मधूनच आतून टकटक आवाज येतो. बाबांसाठी विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेतलाय.

न्यायचंय ते असं: पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानं नि चित्रं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली, फोटो (२०१५ च्या सिंहस्थात बाबांनी काढलेले बरेच आहेत), दुकानाच्या हिशेबाचं टॅली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी सांगायची आणि बाबा दुकान बंद झाल्यावर बसून टाइप करायचे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आजी आता नाही, आणि या ओव्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

ओव्यांची एक वर्ड फाइल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर नेली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली का? एक दुकानदार म्हणतो मशीन ठेवून जा, सगळं कॉपी करून देतो. ठेवावं का?

सातपूर_शिफ्ट (शनिवार, रात्री ९.३५)

ताई, बाकी सगळं नंतर. टकटक आवाज येतोय म्हणजे डिस्क कधीही जाईल. आत्ता एवढंच करा: ओव्यांचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, तोच दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर घ्या, आणि कॉम्प्युटर बंद करा. तो उगाच चालू ठेवू नका. सुरू होताना 'डिस्क तपासू का' असं विचारलं तर नको म्हणा, कोणतंही बटण दाबून ते टाळता येतं. ती तपासणी संपूर्ण डिस्क चाळते आणि जागोजागी बदल लिहिते. मरणाऱ्या डिस्कला हे दोन्ही झेपत नाही.

कॉपी करताना कॉपीच करा, कट-पेस्ट नको. मध्ये वीज गेली तर काय इकडे आलं आणि काय तिकडे राहिलं ते शोधत बसावं लागतं. आमच्याकडे सिडकोत पावसाळ्यात वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही.

खिळेजुळणी (शनिवार, रात्री १०.०५)

फाइल खराब झालेली नाही, काळजी करू नका. मी स्वतः खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंत याच धंद्यात होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकचे आयएसएम फॉन्ट ही सगळी युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकच ठरलेला संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या काळातली व्यवस्था आहे. त्या फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षराचं किंवा एखाद्या चिन्हाचं सांकेतिक मूल्य, आणि फॉन्ट त्या मूल्यासाठी देवनागरीचा आकार काढतो. फॉन्ट नसेल तर विंडोज जे साठवलंय तेच दाखवणार. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून कृतिदेवसाठी केलेला कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मजकुराला चालत नाही.

जुन्या मशीनवर तीच फाइल उघडून मजकुरावर कर्सर ठेवा, वर फॉन्टचं नाव दिसेल. श्री-देव-०७०८ असं काहीतरी असेल. ते नाव कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. पण सातपूरकर म्हणतात ते आधी करा, मशीन आज पुन्हा चालू करू नका.

निफाडची_बाग (शनिवार, रात्री १०.२०)

मशीन ठेवून जाऊ नका ताई. आमच्या बागेच्या फवारणीच्या नोंदी, निर्यातीची कागदं, सगळं एका दुकानात असंच ठेवून आलो होतो. त्यांनी माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप तेवढं कॉपी केलं आणि डिस्क फॉरमॅट करून नवं विंडोज टाकून दिलं. नोंदी होत्या डी ड्राइव्हला. मुख्य काम कुठल्या फोल्डरला आहे ते परक्या माणसाला कसं कळणार?

एक शंका: दोन्ही मशीन लॅनच्या वायरने जोडून फोल्डर शेअर करता येत नाही का? आम्ही पूर्वी तसंच करायचो.

सातपूर_शिफ्ट (शनिवार, रात्री १०.५०)

जमतं, पण आता त्रास जास्त. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या पासवर्डशिवायचं जुन्या पद्धतीचं शेअरिंग स्वीकारत नाहीत. एक्सपी असेल तर तिचा प्रोटोकॉलच आता बंद ठेवलेला असतो. शिवाय वेग बघा. जुन्या मशीनला १०० एमबीपीएसचं लॅन कार्ड असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे १८० जीबीला साडेचार तास. यूएसबी २ वर ३० एमबी धरले तर पावणेदोन तासांच्या आत. हे मोठ्या फाइलींचं गणित झालं. हजारो बारीक फाइली असल्या की दोन्हीकडे वेळ वाढतो. आणि टकटकणारी डिस्क इतके तास विंडोज चालवत ठेवायची नाही, हा मुख्य मुद्दा.

ताई, मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. नवी सॅटा एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क घ्यायची. ४८० जीबीची घेऊ नका, ती ५०० पेक्षा लहान पडते आणि संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यात मावत नाही. सरळ १ टीबी घ्या. लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून जुनं मशीन त्यावरून सुरू करायचं, जुनी डिस्क आणि एसएसडी दोन्ही आत जोडायच्या, आणि डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट साधनाने क्लोन करायचं. हे साधन चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागांवर अडून न बसता त्यांच्याकडे शेवटी वळतं. मध्ये थांबलं तर नोंदवहीवरून पुढे सुरू होतं, फक्त ती नोंदवही वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायला सांगा. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे दोनदा तपासा, कारण उलट झालं तर कोऱ्या डिस्कने भरलेली पुसली जाईल. ओळखीतला जाणकार मुलगा असेल तर शेजारी बसवा आणि तुमच्यासमोर करून घ्या.

मग तीच एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी लावायची. तुमचं विंडोज ७, फॉन्ट, पेजमेकर, सगळं जसंच्या तसं सुरू होईल, आणि वेगातही. जुनी डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवा.

गोदातीर (रविवार, सकाळी ८.१५)

इतका खटाटोप कशाला? डिस्क काढा, केबलने लॅपटॉपला जोडा, सगळं ओढून घ्या, झालं. जुनं विंडोज ७ पुन्हा जिवंत करून उपयोग काय? त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत. अगदीच लागलं तर लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (आतल्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) करा.

खिळेजुळणी (रविवार, सकाळी ९.००)

गोदातीर, फोटोंपुरतं तुमचं बरोबर आहे. फोटो कुठेही उघडतात. पण या ताईंकडे फाइली नेणं आणि त्या उघडता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम फक्त जुन्या मशीनवरच होऊ शकतं.

पेजमेकर ७ ही त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती. त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली सीएस६ पर्यंत उघडत होत्या, त्यापुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. म्हणजे आज नवं इनडिझाइन घेतलं तरी त्या फाइली बंदच. जुन्या श्रीलिपीला मागच्या बाजूला समांतर पोर्टवर डोंगल (परवाना ओळखणारा छोटा तुकडा) लागायचा, तो लॅपटॉपला जोडायला जागाच नाही. बाजारात यूएसबी ते समांतर पोर्ट अशी केबल मिळते, पण ती प्रिंटरसाठी असते, डोंगल तिच्यावर सहसा ओळखला जात नाही. व्हर्च्युअल मशीनलाही हीच अडचण.

म्हणून जोवर ते मशीन डोंगलसकट चालतंय, तोवरच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची कुठेही उघडेल अशी प्रत काढून घेतली पाहिजे. इंटरनेटची वायर काढून ठेवा, म्हणजे सुरक्षेचा प्रश्न राहत नाही.

ताळेबंद (रविवार, सकाळी ११.४०)

टॅलीचं थोडक्यात. आधी जुन्या मशीनवर टॅलीतूनच बॅकअप घ्या. शिवाय डेटाचा पूर्ण फोल्डरही उचला. त्यात पाच आकडी नावांचे फोल्डर असतात, एकेक म्हणजे एकेक कंपनी. डेटाचा नेमका पत्ता टॅलीमध्येच दिसतो, अंदाजाने शोधू नका. लायसन्स असेल तर जुन्या मशीनवर ते सरेंडर करून मगच नव्यावर चालू करा. टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ आवृत्तीचा डेटा नव्या प्राइममध्ये आणताना तो नव्या रचनेत बदलला जातो, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवायची.

दुकान बंद झालंय म्हणता, तर ताळेबंद, खातेवह्या आणि जीएसटीची विवरणपत्रं पीडीएफ करून ठेवा. नुसत्या बघायला नवं लायसन्स कशाला. डिजिटल सहीचा टोकन असेल तर सही टोकनमध्येच असते, फाइलीत नाही. नव्या लॅपटॉपवर फक्त त्याचा ड्रायव्हर टाकावा लागेल.

पिंपळपार (गुरुवार, रात्री ९.५०)

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिनिअरिंगला असलेल्या मामेभावाने घरी बसून डीडीरेस्क्यू चालवलं. अगदी थोडा भाग वाचता आला नाही, बाकी सगळं आलं. एसएसडी लावून मशीन सुरू केलं तर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता, सगळं जागच्या जागी!

आता फोटो लॅपटॉपवर घ्यावेत म्हणून तीच एसएसडी केबलने जोडली. डी ड्राइव्ह उघडतो, पण सी ड्राइव्हमधल्या बाबांच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही म्हणतो. 'कंटिन्यू'वर क्लिक करू का? आणि पीडीएफ कसं करायचं? विंडोज ७ मध्ये प्रिंटच्या यादीत पीडीएफ दिसतच नाही.

सातपूर_शिफ्ट (गुरुवार, रात्री १०.१५)

छान झालं. परवानगीचं कारण असं की तो फोल्डर जुन्या विंडोजमधल्या बाबांच्या खात्याच्या नावावर आहे आणि नवा लॅपटॉप त्या खात्याला ओळखत नाही. 'कंटिन्यू' केलं की तो तुमच्या खात्याला परवानगी देत बसतो. चालतं, पण त्याने त्या एसएसडीवर बदल होतो आणि ती तुम्हाला परत जुन्या मशीनमध्ये लावायची आहे. त्यापेक्षा एसएसडी मशीनमध्येच ठेवा, तिथे बाबांच्या खात्याने लॉग-इन करा आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. बाहेरची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, सिंहस्थाचे व्हिडिओ तिथेच अडकतील.

लोक विसरतात त्या जागा: डेस्कटॉप, डाउनलोड्स, पब्लिक फोल्डर, सी ड्राइव्हवर थेट बनवलेले फोल्डर. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल, तिच्यात ईमेल असतात. ब्राउझरमधले बुकमार्क. आणि स्क्रीनवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतील तर त्या साध्या फाइलीत दिसत नाहीत. ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये रोमिंग, मग मायक्रोसॉफ्ट, मग स्टिकी नोट्स, तिथे एकाच फाइलीत सगळ्या असतात. नवं विंडोज ती फाइल सरळ उघडत नाही, मजकूर आत्ताच वर्डमध्ये उतरवून घ्या.

कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळले पाहिजेत. आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या फाइली उघडूनही बघा. डिस्कचा जो भाग वाचता आला नाही तिथे एखादी फाइल असेल, तर संख्या जुळेल पण फोटो अर्धा करडा दिसेल.

खिळेजुळणी (गुरुवार, रात्री १०.५५)

विंडोजमध्ये पीडीएफ प्रिंटर १० पासून आला, ७ मध्ये तो नाही. फुकट मिळणारा पीडीएफ प्रिंटर ड्रायव्हर लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हने जुन्या मशीनवर टाका. विंडोज ७ वर चालणारी जुनी आवृत्ती बघून घ्या. छापखान्यात पीडीएफ बनवणारा ॲक्रोबॅट डिस्टिलर असायचा, बाबांकडे तो असेल तर उत्तमच.

पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवला गेला पाहिजे. केल्यावर फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या यादीत 'एम्बेडेड' लिहिलेलं दिसतं का बघा, आणि ती लॅपटॉपवर उघडून खात्री करा. दिसायला पान हुबेहूब येईल. पण त्यातला मजकूर कॉपी केला तर पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं मिळतील, आणि शोधही लागणार नाही. लग्नपत्रिकांना तेवढं पुरे. ओव्यांना नाही.

पेजमेकरमध्ये आणखी एक गोष्ट. मोठी चित्रं फाइलीच्या आत नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. फोल्डर हलला की चित्राच्या जागी अंधुक ठसा राहतो. 'सेव्ह ॲज' करताना खाली 'ऑल लिंक्ड फाइल्स' असा पर्याय आहे, तो निवडलात की चित्रं त्याच फोल्डरमध्ये गोळा होतात. कोरलमध्ये पीडीएफ करा आणि मोजक्या कामांची अक्षरं 'कर्व्ह' करून (म्हणजे त्यांचं चित्र बनवून) वेगळी प्रत ठेवा.

ओव्या मात्र युनिकोडमध्ये आणाच. श्रीलिपीच्या पुढच्या आवृत्त्यांत त्याची सोय आहे. रूपांतरानंतर मजकूर डोळ्याखालून घालावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार शेजारच्या अक्षरावर बसतो, 'दुसऱ्या'तला अर्धा र हमखास बिघडतो, आणि 'द्ध', 'ह्य', 'श्र' तुटतात. पीडीएफ शेजारी उघडून ओळीला ओळ लावून वाचा. बाबांना बसवा, त्यांच्याइतकं लवकर हे कुणालाच दिसणार नाही.

वाचनवेडी (शुक्रवार, दुपारी २.३०)

पिंपळपार, ओव्यांबद्दल वाचून राहवलं नाही. मुद्रितशोधन करताना आजीची बोली 'शुद्ध' करू नका, ही विनंती. 'माझ्या' ऐवजी 'माह्या' असेल, 'पाणी' ऐवजी 'पानी' असेल, तर तसंच राहू द्या. वर्डमधलं स्पेलिंग तपासणं आणि आपोआप दुरुस्ती आधी बंद करा.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं. तुम्हीही फाइलीच्या सुरुवातीला आजीचं नाव, माहेर, सासर, आणि बाबांनी कोणत्या वर्षांत टाइप केलं ते लिहा. चाल बाबांना आठवत असेल तर मोबाइलवर म्हणून घ्या. हे पुढे कुणी तुमच्या घराबाहेरचा माणूस वाचेल तेव्हा त्याला फार मोलाचं वाटेल. सगळं झाल्यावर छापील प्रत काढून सार्वजनिक वाचनालयात विचारा. १८४० पासूनची संस्था आहे, नाशिकच्या माणसाने नाशिकच्या ओव्या तिथे नाही न्यायच्या तर कुठे?

गोदातीर (शुक्रवार, सायंकाळी ७.०५)

खिळेजुळणी, पटलं. फॉन्टचा हा भाग मला माहीत नव्हता.

माझी एक भर: प्रती दोन करा आणि एकाच घरात ठेवू नका. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सराफ बाजारात, नदीकाठच्या दुकानांत पाणी शिरलं तेव्हा हिशेबाची मशीनं जमिनीवरच होती, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. ओव्या आणि पीडीएफ मिळून फार जागा लागणार नाही, गूगलच्या फुकट १५ जीबीत सहज बसतील. फोटोंना बाहेरची डिस्क, ती बहिणीकडे किंवा मामाकडे.

पिंपळपार (पुढचा रविवार, रात्री ८.४०)

आतापर्यंतचा हालहवाल. फोटो आले, संख्या जुळली. थोडे सिंहस्थाचे फोटो अर्धे करडे आहेत, पण त्यातले बरेचसे बाबांनी तेव्हाच सीडीवर घातले होते, तिथून परत मिळाले. टॅलीचे सगळे अहवाल पीडीएफ केले. पिवळ्या चिठ्ठ्या खरंच होत्या! जुन्या गिऱ्हाइकांची येणी, शाईचे नंबर, आणि एका चिठ्ठीत आजीची एक ओवी जी मुख्य फाइलीत नव्हतीच. सातपूर_शिफ्ट, तुम्ही सांगितलं नसतं तर ती गेलीच होती.

ओव्यांची पीडीएफ झाली. रूपांतर मात्र अडलंय. बाबांची श्रीलिपी जुनी, तिच्यात युनिकोडची सोय नाही, आणि नेटवरच्या कन्व्हर्टरने अर्धी जोडाक्षरं गेली. पुन्हा टाइप करावं लागेल का? आणि जुन्या मशीनचं काय करू, भंगारवाला विचारतोय.

सातपूर_शिफ्ट (रविवार, रात्री ९.०५)

भंगारात नको, निदान ओव्यांचं काम पुरं होईपर्यंत. देणार तेव्हाही डिस्क आणि डोंगल काढून घ्या. डबा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

नव्या लॅपटॉपबद्दल एक तपासा: विंडोज ११ मध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसत असेल तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून घेऊन कागदावर लिहा. उद्या लॅपटॉप बिघडला तर त्याची डिस्क काढून दुसरीकडे जोडताना त्या कीशिवाय काहीही वाचता येणार नाही.

खिळेजुळणी (रविवार, रात्री ९.३०)

पुन्हा टाइप करू नका. माझ्याकडे श्रीलिपीची पुढची आवृत्ती परवान्यासह अजून चालू आहे, मुलगा तिच्यावर काम करतो. मूळ वर्ड फाइल, तुमची पीडीएफ आणि फॉन्टचं नाव लिहिलेला कागद घेऊन या, समोर बसून रूपांतर करून देतो. येताना बाबांना आणा. रफार आणि वेलांट्या दोघांनी मिळून तपासल्या तर दुपारपर्यंत बऱ्याच ओव्या होतील. पत्ता व्यनि करतो.

पिंपळपार (रविवार, रात्री ९.४५)

काका, किती आभार मानू! बाबांना वाचून दाखवलं, ते आत्ताच चष्मा आणि जुनी प्रुफांची वही काढून बसलेत. येत्या रविवारी सकाळी दहाला आलो तर चालेल का? आणि त्या चिठ्ठीतली ओवी वेगळ्या फाइलीत आणू की मूळ फाइलीतच घालून आणू?

खिळेजुळणी (रविवार, रात्री ९.५५)

दहा चालेल. वेगळ्या फाइलीत आणा, मूळ फाइलीला हात लावू नका.